रिकामा डबा

चिऊ,

काल संध्याकाळी मी शंकरपाळ्यांचं पीठ मळत होते आणि तू स्टुलावर बसून विचारलंस, "आई, वरच्या ओमाने, त्या जर्मन आजीने, या वर्षी आपल्याला काहीच दिलं नाही. मग तिच्या डब्यात आपण का भरतोय?" मी तोंड उघडायच्या आत पुढचा प्रश्न आला, "आणि डबा नुसता धुऊन परत दिला तर काय होतं?" माझे हात पिठात होते, कढईत तेल तापलं होतं. "नंतर सांगते" म्हणून मी वेळ मारून नेली. आता तू झोपली आहेस. आडव्हेंटच्या, म्हणजे ख्रिसमसआधीच्या चार रविवारांच्या, चारही मेणबत्त्या आज लावून झाल्या. तुला जोडाक्षरं वाचता यायला लागली आहेत, म्हणून म्हटलं, लिहूनच ठेवावं. अडलंस तर विचार.

तो निळा पत्र्याचा डबा तुझ्याहून मोठा आहे. आम्ही जर्मनीत श्टुटगार्टला आलो तो पहिला डिसेंबर. दुपारी साडेचारला अंधार पडायचा, बाबा कामावर, आणि मला जिन्यात कुणी भेटलं तर "गुटन टाग" एवढंच बोलता यायचं. एका संध्याकाळी बेल वाजली. दारात ओमा, हातात हा डबा. आत बटर पेपरचे थर घालून रचलेली बिस्किटं होती: दालचिनीच्या चांदण्या, मधोमध लाल जाम असलेली गोल बिस्किटं, आणि पिठीसाखरेत लोळवलेली व्हॅनिलकिपफेर्ल. ती किपफेर्ल पाहून माझ्या पोटात कालवलं. बोटभर लांबीच्या करंज्याच जणू. झाकण उघडल्यावर जो वास आला तो अगदी आजीच्या फराळाच्या डब्यांचा नव्हता, पण त्याच्या सख्ख्या बहिणीचा नक्की होता. आपल्याकडे दिवाळीआधी कसे डबे भरले जातात आणि "दिवाळीपर्यंत हात लावायचा नाही" असं बजावलं जातं, तसंच इथे नोव्हेंबरच्या शेवटापासून चालतं, हे मला तेव्हा कळलं.

बिस्किटं दोन दिवसांत संपली. डबा धुतला, पुसला आणि तो ओट्यावर माझ्याकडे बघत बसला. रिकामा कसा द्यायचा? पातळ पोहे कुठे मिळतात हे मला ठाऊक नव्हतं. तीन दिवस शोधाशोध करून चौथ्या दिवशी चिवडा केला, डबा भरला आणि वर नेऊन दिला. ओमाने झाकण उघडलं, बघितलं आणि तिचा चेहरा जरा गंभीर झाला. ती म्हणाली, "तुम्ही मला काही देणं लागत नाही." मला फार लागलं ते. तिला वाटलं, मी फेड करतेय. तसं नाही हे सांगायला माझ्याकडे तेव्हा जर्मन नव्हतं. आज आहे, पण गंमत बघ, हे मला मराठीतही आधी कधी कुणाला सांगावं लागलं नव्हतं. तू विचारलंस म्हणून पहिल्यांदा शब्दांत मांडतेय.

तुझ्या आजीच्या तोंडी एकच वाक्य असायचं: "रिकामं भांडं दाराबाहेर जाऊ नये." शेजारून वाटीत आमटी आली, ताटलीत घावन आले, की ते भांडं त्याच पावली परत द्यायचं नाही. धुवायचं, ठेवायचं आणि आपल्याकडे काही झालं की त्यातून पाठवायचं. काहीच नसलं तर परसातले दोन पेरू, चाफ्याची फुलं, तेही नसलं तर चिमूटभर साखर. मापाला माप कधीच नाही. आमटीच्या बदल्यात आमटी पाठवली तर हिशेब मिटला, आणि हिशेब मिटला की दोन घरांमधलं येणंजाणंही मिटलं. भांडं कुणाकडे तरी अडकलेलं असलं पाहिजे. ते ज्याच्याकडे आहे, त्याला दुसऱ्याची आठवण काढावीच लागते.

मराठीला 'रिकामं' आणि 'संपलं' हे शब्द घरात नको असतात, हे तू ऐकलं आहेस, फक्त लक्षात आलं नसेल. गेल्या सुट्टीत आजीची बांगडी पिचली तेव्हा ती "बांगडी वाढली" म्हणाली आणि तू हसलीस, कारण बांगडी वाढेल कशी! मीठ संपलं तरी जुन्या बायका "मीठ वाढलं" म्हणतात. निघताना आपण "जाते" म्हणत नाही, "येते" म्हणतो. मी पाळणाघराच्या दारात तुला रोज "येते हं" म्हणायचे आणि तू रडत म्हणायचीस, "पण तू तर जातेयस." बरोबर होतं तुझं. पण "येते" म्हटलं की परत यायचं बोलून ठेवलेलं असतं. भरून दिलेला डबाही तेच म्हणतो, त्याला तोंड नसलं तरी.

आता वर्गातली गोष्ट. तू बाईंना सांगितलंस की मराठी लोक ख्रिसमस करत नाहीत. आपल्या घरात करत नाहीत, एवढंच खरं आहे. माझं लहानपण वसईत गेलं, आणि तिथे आमच्या कुंपणापलीकडचं घर ख्रिस्ती होतं. तिथली मावशी घरात कादोडी ही वसईची बोली बोलायची, आमच्याशी मराठी. तिच्या सासूबाई लाल लुगडं नेसायच्या. पोर्तुगीज १५३४ पासून १७३९ पर्यंत वसईत होते. मग चिमाजी अप्पांनी किल्ला जिंकला. भीमाशंकरच्या देवळात तुला जी मोठी घंटा दाखवली होती, ती त्या मोहिमेनंतर चर्चमधून आणलेली. पोर्तुगीज गेले, पण त्यांच्या काळात ख्रिस्ती झालेली माणसं तिथेच राहिली, कारण ती तिथलीच होती. भाषा तीच, केळीच्या बागा त्याच. आजी ख्रिसमसला 'नाताळ' म्हणते तो शब्दही पोर्तुगीज, त्याचा अर्थ जन्म. आणि २०२० साली मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष कोण होते, तर वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो. हे बाईंना सांग. चुकीचं सांगितलं होतं म्हणून लाजू नकोस, मीच तुला कधी नीट सांगितलं नव्हतं.

तर नाताळच्या सकाळी त्या घरातला मुलगा विणलेल्या रुमालाने झाकलेलं ताट घेऊन यायचा. त्यात करंज्या, केकचे तुकडे आणि कलकल. कलकल म्हणजे गोडसर पिठाची छोटी गोळी काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळायची, शंखासारखी दिसते, मग तळायची. पुढे मला कळलं, आदल्या आठवड्यात त्यांच्याकडे सगळी पोरं कलकल वळायला बसायची, आणि दोन वर्षं मीही बसले. माझे शंख उलगडायचे. मावशी ते गुपचूप परत वळून ठेवायची. गोव्यातही नाताळाला ख्रिस्ती घरांतून हिंदू शेजाऱ्यांकडे गोडाचं असंच ताट जातं, आणि गणपतीत ख्रिस्ती घरांत नेवऱ्या, म्हणजे करंज्या, जातात.

मी सातवीत असताना तुझे आजोबा, म्हणजे माझे बाबा, गेले. तुला माहीत नसेल, ज्या घरात माणूस गेलेलं असतं, तिथे त्या वर्षी दिवाळीला कढई चढत नाही. फराळ करायचा नाही. पण त्या घरातल्या मुलांनी बघत बसायचं, असा त्याचा अर्थ नाही. त्यांच्याकडे नातलग आणि शेजारी फराळ आणतात. धनत्रयोदशीला पहिला डबा कुणाचा आला? कुंपणापलीकडच्या मावशीचा. तिने चकल्या केल्या होत्या. एरवी तिच्याकडे दिवाळीच्या चकल्या आमच्याकडूनच जायच्या, त्यामुळे तिने आयुष्यात कधी केल्या नव्हत्या. भाजणी तिने कुणाला विचारून आणली, देव जाणे. चकल्या कडक झाल्या होत्या, दाताखाली कडकन वाजायच्या. आजी ओट्यापाशी उभी राहून एक चकली खात होती आणि रडत होती. आजोबा गेल्यानंतर तिला खाताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तो डबा परत गेला तेव्हा त्यात परसातलं केळफूल होतं. गोड काही घालायचं नव्हतं, पण रिकामाही द्यायचा नव्हता.

आता तुझा पहिला प्रश्न. ओपा, म्हणजे ओमाचे यजमान, ऑक्टोबरात गेले. तू त्यांना चित्र काढून दिलं होतंस, ते अजून ओमाच्या फ्रिजवर आहे. जिन्यात भेटली तेव्हा मी तिला विचारलं, यंदा बिस्किटं केलीत का? ती म्हणाली, "कुणासाठी करू?" इथे दुखवट्याचा तसा काही नियम नाही. तिला कुणी करू नको म्हटलेलं नाही. तिचा हात उचलत नाही, एवढंच. त्या घरात पहिल्यांदाच डिसेंबरमध्ये लोण्याचा आणि दालचिनीचा वास नाही. गेल्या नाताळात श्टोलन, म्हणजे सुकामेव्याचा गोड पाव, घालून दिलेला तिचा डबा वर्षभर आपल्या फडताळात पडून आहे. मी जानेवारीत तिळगुळाच्या वड्या घालून तो द्यायला हवा होता. राहून गेलं, आणि त्या राहून गेल्याचं मला वाईट वाटत होतं. आता वाटतं, बरं झालं. डबा आपल्याकडे आहे, म्हणजे वर जायला कारण आहे.

डब्यात तळाला शंकरपाळे आहेत, त्यावर कागद, वर कलकल. त्यातले निम्मे तू वळलेले. काही उलगडलेत, मी ते तसेच ठेवले आहेत. चिवडा वेगळ्या पुडीत आहे, कारण तिला तोच सगळ्यात जास्त आवडतो. त्या पहिल्या वर्षानंतर दोन वर्षांनी तिनेच एकदा विचारलं होतं, "तो पिवळा पदार्थ परत कधी करणार?" त्या दिवसापासून ती "देणं लागत नाही" असं कधी म्हणाली नाही.

२४ तारखेला दुपारी, दुकानं बंद व्हायच्या सुमारास, आपण दोघी वर जाऊ. संध्याकाळी तिची मुलगी तिला न्यायला येणार आहे, म्हणून त्याआधी. ती कदाचित रडेल. तू काही बोलली नाहीस तरी चालेल. ती म्हणेल, "अगं, मी तर यंदा काहीच केलं नाही," तेव्हा माझ्याकडे बघू नकोस, फक्त डबा पुढे कर. आणि दोन्ही हातांनी धर, त्याचं झाकण एका बाजूने सैल झालंय.

तुझी,
आई