पॉप, रॅप, मेटल, भावगीत: नव्या गाण्याबद्दलचं पहिलं मत कितपत खरं मानावं?

तुम्ही विचारलंय की दर शुक्रवारी निरनिराळ्या प्रकारची नवी सिंगल्स ओळीने ऐकल्यावर मेटल नेहमी दणकट आणि भावगीत नेहमी फिकं का वाटतं, आणि मग मत बनवायचं कसं.

या 'दणकट' आणि 'फिकं'मध्ये गाण्याइतकाच आवाजाच्या पातळीचा हात असतो, म्हणून आधी ती सारखी करून घ्या. मेटल आणि ईडीएमचं (नाचासाठीच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचं) मास्टरिंग, म्हणजे गाणं बाहेर येण्याआधीची आवाजाची शेवटची जुळवणी, बरंच चढं असतं, भावगीताचं मवाळ. एखाद्या डेसिबलने मोठं वाजणारं गाणं कानाला उगाचच सरस वाटतं, आणि फरक आवाजाचा आहे हे लक्षातही येत नाही. स्पॉटिफायच्या सेटिंगमध्ये ऑडिओ नॉर्मलायझेशन चालू करून पातळी 'नॉर्मल'वर ठेवा. सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसजवळ (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) येतात. 'लाउड' निवडलंत तर लिमिटर (आवाजाची टोकं दाबणारी सोय) लागतो आणि मवाळ गाण्यातले चढउतार दबतात. ॲपल म्युझिकमध्ये हेच काम 'साउंड चेक' करतं. इक्वलायझर बंद ठेवा. आवाज अगदी बारीक ठेवूनही ऐकू नका, कारण कमी आवाजात कानाला खर्जाचा भाग सर्वात आधी कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवलं होतं.

फोनच्या स्पीकरवर तर निकाल देऊच नका. ट्रॅप या रॅपच्या प्रकारातला ८०८चा (टीआर-८०८ या ड्रम मशीनवरून नाव पडलेला) खर्ज बहुतेक वेळा ४० ते ६० हर्ट्झच्या आसपास असतो आणि फोनचा इवलासा स्पीकर तो वाजवूच शकत नाही. मग 'बीट पोकळ आहे' असं वाटतं ते गाण्यामुळे नव्हे. इअरबड वापरत असाल तर रबरी टिप कानात घट्ट बसते का ते बघा. हवा गळाली की आधी खर्ज जातो. लॅपटॉपला ब्लूटूथ जोडलेलं असताना एखादी मीटिंग उघडी राहिली, तर हेडफोन कॉलच्या मोडमध्ये जातो आणि गाणं टेलिफोनवरून आल्यासारखं ऐकू येतं. मीटिंग बंद करून मगच ऐका.

आता प्रत्येक प्रकाराचं. माझं ठाम मत आहे की गाणं कशावर उभं आहे हे ओळखल्याशिवाय त्याला बरंवाईट म्हणू नये. मेटलमध्ये चाल बहुधा गिटारच्या रिफमध्ये (पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यात) असते, त्यामुळे घशातून काढलेल्या गुरगुराटात सूर शोधत बसू नका; रिफ दुसऱ्यांदा येतो तेव्हा ड्रमर त्याखाली काय बदलतो ते ऐका. हाउस या क्लबमधल्या नाचाच्या संगीताचं एक्स्टेंडेड मिक्स (लांबवलेली आवृत्ती) लागलं असेल तर सुरुवातीचा लांबलचक ठेका डीजेला गाणं जोडायला दिलेला असतो. १२८ बीपीएमला (मिनिटाला १२८ ठोके) चार-चार ठोक्यांचे ३२ बार म्हणजे बरोबर एक मिनिट, त्याला कंटाळवाणं म्हणणं अन्यायाचं आहे. पॉपमध्ये मुखडा लवकर येतो, कारण स्पॉटिफायवर ३० सेकंद वाजल्याशिवाय ऐकणं मोजलं जात नाही. त्यामुळे पॉपची खरी परीक्षा दुसऱ्या कडव्यात: तिथे नवं काही घडतं, की पहिलंच पुन्हा चिकटवलंय?

मराठी रॅप ऐकताना यमकावर लगेच खूश होऊ नका. आपल्या वाक्यात क्रियापद शेवटी येतं, म्हणून 'आलो, गेलो, झालो' हे यमक जवळजवळ फुकट मिळतं. बोटांवर चार मात्रा मोजत ऐका. प्रत्येक ओळीचं यमक चौथ्या मात्रेवरच आदळत असेल तर लेखन सोपं आहे. नामांवर, ओळीच्या पोटात, मात्रेच्या अलीकडे-पलीकडे यमक पडत असेल तर मेहनत आहे. श्वास कुठे घेतला तेही कळतं. श्वासाच्या जागाच नसतील तर ओळी बहुधा तुकड्यातुकड्यांनी रेकॉर्ड केलेल्या असतात.

भावगीत आणि गझलमध्ये कान मींडेवर, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यावर, ठेवा. १९९७ मध्ये ऑटो-ट्यून हे सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर आलं. त्याचा सूर दुरुस्त करण्याचा वेग फार चढा ठेवला की एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारा आवाज जिन्याच्या पायऱ्यांसारखा तुटतो. लांबवलेला 'आ' किंवा 'ए' निवडा, डोळे मिटून फक्त तेवढंच दोनदा ऐका, पायऱ्या असतील तर कळतातच. ट्रॅपमध्ये हाच परिणाम मुद्दाम घेतलेला असतो आणि तिथे तो शोभतो. एकच गोष्ट एका प्रकारात दोष आणि दुसऱ्यात दागिना असते, म्हणून सगळ्यांना एक माप लावलं की घोळ होतो.

ढोलकीचं रीमिक्स असेल तर मुखड्याआधीचा बार ऐका. वाजवणारा माणूस तिथे तुकडा घेतो, घुमारा दाबतो-सोडतो. लूप (रेकॉर्ड केलेला तोच तुकडा पुन्हापुन्हा) असेल तर प्रत्येक थाप त्याच जोराने येते.

पहिल्यांदा व्हिडिओ न बघता, मध्ये न थांबवता पूर्ण ऐका आणि कमेंट वाचण्याआधी दोन ओळी लिहून ठेवा. 'भारी' नको, '१:१२ला ड्रम गेला आणि आवाज उघडा पडला' असं लिहा. दुसऱ्या दिवशी गाणं लावण्याआधी गुणगुणून बघा, काय आठवतं ते टिपा, मग ऐका. मात्र दिवसभर रिपीटवर लावू नका: नुसत्या पुन्हापुन्हा भेटीनेही आवड वाढते, हे मानसशास्त्रज्ञ झायोन्क यांनी १९६८ मध्येच मांडलंय. दहाव्यांदा आवडलेलं गाणं चांगलं होतं की सवयीचं झालं, हे मग तुम्हालाही सांगता येणार नाही. लिहून ठेवलेल्या पहिल्या दोन ओळीच तेव्हा कामी येतात.