तयार सेल दमट डब्यात कशाला ठेवायचा?

प्रश्न : आमचा टॉवेलचा कारखाना आहे अक्कलकोट रोडला. मुलगी एमएस्सीला आहे, प्रोजेक्टसाठी कार्बनवाले पेरोव्स्काइट (उजेड शोषून वीज बनवणारा एक स्फटिक पदार्थ) सोलर सेल बनवतेय. ती म्हणते सेल तयार झाला की दमट डब्यात ठेवायचा, मग करंट वाढतो. पण पाण्यानं पेरोव्स्काइट खराब होतं असंच सगळीकडे वाचलंय, मग हे कसं काय? आणि कारखान्याच्या पत्र्यावर सोलर बसवायचंय, या नव्या सेलसाठी थांबू का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : दादा, मुलगी बरोबर सांगतेय आणि तुम्ही वाचलंय तेही बरोबर आहे. तुमच्या मागावरच बघा ना, मे महिन्यात हवा कोरडी पडली की सूत तटातट तुटतं म्हणून तुम्ही फरशीवर पाणी मारता, पण दमटपणा फार झाला की ताण्याची खळच चिकट होते. इथंही सगळं किती आणि किती वेळ यावरच आहे.

या सेलमध्ये काचेवर आधी टायटॅनियम डायऑक्साइड, त्यावर झिर्कोनिया आणि वर कार्बनचा जाड थर छापतात, वीज गोळा करायला सोनं लागत नाही म्हणून स्वस्त. पेरोव्स्काइटचं द्रावण सगळ्यात शेवटी, कार्बनवर थेंब टाकून खाली झिरपवतात. हे थरांमधल्या छिद्रांतून खाली जाता जाता वाळतं, त्यामुळे कुठं स्फटिक बारीक राहतात, कुठं पोकळी राहते, आणि तिथंच करंट वाया जातो. फिनलंडमधल्या संशोधकांनी 2017 मध्ये असे सेल साधारण 40 अंश तापमानात आणि 70-75 टक्के आर्द्रतेत ठेवून पाहिले तर करंट चांगलाच वाढला. वाफेनं स्फटिकांच्या कडा सैल होतात, मग ते परत नीट जुळून मोठे होतात, पोकळ्या भरतात. या द्रावणात 5-एव्हीए नावाच्या अमिनो आम्लाचा क्षार थोडा मिसळलेला असतो, त्यानं पेरोव्स्काइट दमट हवेत तग धरतं. तो नसेल किंवा वेळ फार झाला तर काळा थर पिवळा पडतो, म्हणजे लेड आयोडाइड (पेरोव्स्काइटमधला शिशाचा क्षार) सुटं झालं, तो सेल गेलाच.

मुलीला एक सांगा, आर्द्रता मोसमावर सोडू नको. आपल्याकडे मे आणि जुलैच्या हवेत जमीन-अस्मानाचा फरक, त्यानं रिझल्ट नुसते हलत राहतील. बंद डब्यात साध्या मिठाचं संपृक्त द्रावण ठेवलं, म्हणजे तळाला मीठ न विरघळता उरेल इतकं, की आतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या आसपास टिकते, महागडं यंत्र लागत नाही. तोच सेल आधी आणि नंतर मोजायचा, सोबत एक जोडीदार सेल कोरडा ठेवायचा, नाहीतर वाढ कशामुळे झाली ते कळणारच नाही. हे सेल उजेडाला सावकाश प्रतिसाद देतात, म्हणून लाइटखाली काही मिनिटं स्थिर होऊ द्यायचे आणि व्होल्टेज चढवत आणि उतरवत, दोन्हीकडून रीडिंग घ्यायचं. आणि शिसं आहे त्यात, हातमोजे हवेतच!

पत्र्याचं म्हणाल तर थांबू नका. अशा छापील कार्बन सेलनं 2014 मध्ये चीनमधल्या वुहानच्या प्रयोगशाळेत 12.8 टक्के कार्यक्षमता (पडलेल्या उजेडातला वीज बनणारा वाटा) गाठली ती छोट्याशा तुकड्यावर, आणि तुमच्या पत्र्याला वीस-पंचवीस वर्षं ऊन-पाऊस सोसणारी वस्तू पाहिजे. ती आज सिलिकॉनचीच आहे, पत्रा मजबूत आहे ना एवढं आधी तपासून घ्या आणि बसवून टाका.