खासगी रस्त्याला गेट लावायची परवानगी रहिवाशांना असावी का?

तुमची बंगल्यांची सोसायटी आहे, आतला रस्ता सोसायटीच्या नावावर आहे, बाहेरच्यांचा त्रास वाढलाय, तर गेट लावून रस्ता बंद करता यावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत असं, की गाड्या अडवायची मुभा असावी, पायी जाणाऱ्याला अडवायची नसावी. पुण्यात अशाच एका प्लॉटच्या सोसायटीत मी २६ वर्षं राहतेय. त्यातली चार वर्षं सचिव होते आणि आमच्याकडच्या गेटच्या ठरावावर माझी सही आहे.

त्रास खरा होता. आमच्या रस्त्याचं एक टोक मुख्य रस्त्याला लागतं, दुसरं टेकडीच्या पायथ्याच्या वस्तीकडे उघडतं. सिग्नल चुकवायला दुचाक्या भरधाव आत शिरायच्या. रात्री गाड्या लावून आत बसून पिणं चालायचं, सकाळी बंगल्यांच्या फाटकांशी बाटल्या. दोन बायकांच्या गळ्यातली मंगळसूत्रं गेली. अशा वेळी सर्वसाधारण सभेत कुणी गेट मागितलं, तर त्याला माणूसघाणा म्हणू नये.

पण ‘रस्ता आमच्या मालकीचा आहे’ असं आपण ठासून सांगतो, तेवढं ते सरळ नाही. सोसायटीचा ले-आउट, म्हणजे प्लॉट आणि रस्त्यांचा आराखडा, मंजूर होतो तेव्हा त्या जागेवर रस्ता दाखवलेला असतो, आणि तसा दाखवला म्हणूनच आपले प्लॉट पडलेले असतात. सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या चेतराम वशिष्ठ प्रकरणात म्हटलंय, की ले-आउटमध्ये रस्त्यासाठी किंवा बागेसाठी राखलेली जागा मूळ मालकाने सोसायटीच्या किंवा एकूण लोकांच्या उपयोगासाठी सांभाळायची असते. ती त्याला हवी तशी वापरता येत नाही. शिवाय बऱ्याच मंजुरीपत्रांत लगतच्या जमिनींना वाट खुली ठेवायची अट असते, आणि ती पुढच्या पिढीतल्या कुणी वाचलेली नसते. १८८२चा ईझमेंट अ‍ॅक्ट आहेच. शेजारच्या प्लॉटवाल्याने तुमच्या जागेतली वाट २० वर्षं उघडपणे, हक्काने आणि कुणी न अडवता वापरली असेल, तर त्याला वहिवाटीचा हक्क मिळू शकतो. आणि खासगी रस्त्याचं डांबर, गटार सगळं नीट झालेलं असेल, तर तो सार्वजनिक म्हणून जाहीर करायचा अधिकार पालिकेला कायद्यानेच दिलाय. म्हणून सभेत बहुमत झालं की वेल्डर बोलवायचा, हे चूक. आम्ही नेमकं तेच केलं.

गेट बसलं. मोठी दोन पानं, एका पानात माणसापुरतं छोटं दार, म्हणजे दिंडी. मोठं गेट रात्री दहापासून सकाळी आठपर्यंत कुलपात, दिंडी उघडी. कुणाचीच अडचण होणार नाही, असं आम्हाला मनापासून वाटलं होतं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी सातला मी फिरून परत येत होते. आमच्याकडे कचरा न्यायला येणाऱ्या ताई गेटबाहेर ढकलगाडी लावून उभ्या होत्या. गाडी दिंडीतून जाईना. दिंडीच्या तळाला वेल्डरने मजबुतीसाठी एक आडवा पाइप टाकला होता, वीतभर उंच. ताई दोन हातांत दोन बादल्या घेऊन तो पाइप ओलांडत आत जायच्या, तीन-चार बंगल्यांचा ओला-सुका भरून आणायच्या, गाडीत ओतायच्या, परत आत. असे २२ बंगले. साडीचा काठ पाइपाच्या खडबडीत टोकाला अडकून उसवला होता. मी विचारलं, सांगितलं का नाहीत? म्हणाल्या, “तुमचं गेट आहे, काय सांगायचं?” त्या १४ वर्षं या रस्त्याने येत होत्या. ठराव लिहिताना त्या माझ्या डोक्यातही आल्या नव्हत्या, याची मला आजही लाज वाटते.

त्यानंतर मी आठवडाभर सकाळी सहा ते आठ गेटपाशी उभी राहिले. वस्तीतून स्वयंपाकाला येणाऱ्या बायका, शाळेची मुलं, टेकडीवर जाणारे काठीवाले आजोबा, दूधवाला. एकही चोर दिसला नाही. रस्ता या सगळ्यांचा रोजचा होता, आणि आमच्यातले बरेचजण तर त्यावरून चालतही नाहीत, गाडीनेच बाहेर पडतात.

पुढच्या सभेत भांडण झालं. सगळं माझ्या मनासारखं झालं नाही, सीसीटीव्ही नको म्हणत होते तरी लागले. पण तळाचा पाइप ग्राइंडरने कापला. मोठं गेट आता सकाळी सहाला उघडतं आणि रात्री अकराला बंद होतं. दिंडीला कडीसुद्धा नाही. वस्तीकडच्या टोकाला गेट न लावता तीन खांब रोवले, चारचाकी जाणार नाही पण ढकलगाडी जाईल एवढं अंतर सोडून. मधे दोन गतिरोधक. शॉर्टकट मारणाऱ्या गाड्या थांबल्या त्या या खांबांनी आणि गतिरोधकांनी.

तुमच्याकडे विषय सभेत येण्याआधी मंजूर ले-आउटची आणि मंजुरीपत्राची प्रत पालिकेतून काढा, अटी मोठ्याने वाचून दाखवा. अग्निशमन दलाला आधी विचारा. राष्ट्रीय इमारत संहितेत उंच इमारतींसाठी बंबाच्या प्रवेशाची रुंदी किमान ६ मीटर सांगितलीय, आणि उघडलेलं गेट कंपाउंडच्या भिंतीला चिकटून बसलं पाहिजे. आमचं पहिलं गेट अर्धवटच उघडायचं, म्हणून बिजागऱ्या बदलाव्या लागल्या. आणि दिंडी ठेवणार असाल तर वेल्डरला आधीच सांगून ठेवा, खाली पाइप नको.