शेडवरचं यंत्र आणि कॉलेजचा हक्क

प्रश्न : तासगावला आमची बेदाण्याची शेड आहे. सांगलीच्या इंजिनिअरिंगच्या मुलांनी आमच्याकडे राहून बेदाण्याच्या काड्या काढणारं यंत्र केलं. लोखंड, मोटर आमची. कॉलेज म्हणतं, पेटंट दोघांच्या नावावर घेऊ. घ्यावं का?

उत्तर : घ्या, पण आधी करार करा. नुसता खर्च केल्याने कुणी संशोधक होत नाही. मात्र जाळीला किती उतार दिला म्हणजे मणी चिरडत नाही, ही युक्ती तुमच्या कारागिराची असेल, तर त्याचंही नाव संशोधकांत लागायला हवं. हे आग्रहाने मांडा.

आता मुख्य गोष्ट. १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ५० सांगतं, की वेगळा करार नसेल तर प्रत्येक सहमालक पेटंट स्वतःसाठी वापरू शकतो, दुसऱ्याला हिशेब न देता. म्हणजे तुम्ही यंत्रं करून विकलीत तर कॉलेजला एक पैसाही मिळणार नाही. उलट, मिरजेच्या एखाद्या फॅब्रिकेटरला परवाना द्यायचा म्हटलं, तर कॉलेजची संमती लागेल. दोघंही अडकता. म्हणून रॉयल्टी, म्हणजे विकलेल्या यंत्रामागे कॉलेजला द्यायचा वाटा, ठरवा, आणि ती विक्रीच्या किमतीवर. नफ्यावर नको, नफा कागदावर कितीही कमी दाखवता येतो. ठरल्या मुदतीत यंत्र बाजारात आलं नाही तर हक्काचं काय, तेही लिहा. परवाना तोंडी चालत नाही, लेखीच लागतो.

प्रश्न : मी कराडला प्राध्यापक आहे. विद्यार्थ्यांनी परिषदेत पेपर वाचला. आता पेटंट मिळेल?

उत्तर : आधीच जाहीर झालेल्या गोष्टीला सहसा पेटंट मिळत नाही. विद्वत्संस्थेपुढे, म्हणजे अभ्यासकांच्या संस्थेपुढे, संशोधकाने स्वतः वाचलेल्या पेपरला त्यातून बारा महिन्यांची सवलत आहे, त्या मुदतीत अर्ज करता येतो, पण ती फार अरुंद आहे. यूट्यूबवर व्हिडिओ टाकला असेल तर तिच्या भरवशावर राहू नका. युरोपात तर अशा पेपरला ही सवलत नाहीच. पुढच्या वेळी आधी तात्पुरता अर्ज करा, मग पेपर वाचा. पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. शैक्षणिक संस्थांना २०२१ पासून फीमध्ये ८० टक्के सूट आहे, तेव्हा पैशाची सबब उरलेली नाही. आणि विद्यार्थ्यांची नावं गाळू नका. कल्पना त्यांची असेल तर तो त्यांचा हक्क आहे.

प्रश्न : हळद लावण्याची माझी पद्धत वेगळी आहे. पेटंट होईल?

उत्तर : नाही. शेतीच्या पद्धतीला आपल्याकडे पेटंट मिळत नाही. तुम्ही वेगळं वाण जोपासलं असेल, तर मात्र २००१ च्या वाण संरक्षण कायद्याखाली ते शेतकऱ्याच्या नावावर नोंदवता येतं.