झारच्या रशियन सैन्यात पोलिश सेनापती होते का? एखाद्याबद्दल सांगाल का?

होते, आणि बरेच होते. अठराव्या शतकाच्या अखेरीस रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने पोलंड वाटून घेतला. त्यानंतर कित्येक पोलिश घरांतली मुलं झारच्या फौजेत शिरली. त्यांतले ब्रोनिस्लाव ग्रोंबचेव्स्की मला सर्वांत जवळचे वाटतात, कारण त्यांची वाट थेट लडाखच्या वेशीपर्यंत आली होती.

जन्म १८५५चा, आजच्या लिथुएनियातला. वडील १८६३च्या पोलिश उठावात होते. जमीनजुमला जप्त झाला आणि त्यांची रवानगी सैबेरियात झाली. मुलगा त्याच झारची वर्दी चढवून मध्य आशियात गेला. याला कोणी फितुरी म्हणेल, मला तसं म्हणवत नाही. घरदार गेलेल्या मुलापुढे वाटा तरी किती होत्या?

१८८८ साली ते पामीरचे पर्वत ओलांडून हुंझाच्या (आज हे पाकिस्तानच्या ताब्यातल्या काश्मीरच्या उत्तरेला आहे) मीराला, म्हणजे तिथल्या राजाला, सफदर अलीला, भेटले आणि रशियन हिंदुस्थानच्या दारात आले म्हणून इंग्रजांचे धाबे दणाणले. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबरात, यारकंद नदीच्या परिसरात त्यांची गाठ इंग्रज कॅप्टन फ्रान्सिस यंगहजबंडशी पडली. दोघे दोन साम्राज्यांचे हेर. पण एका तंबूत जेवले, प्याले, हिंदुस्थान कोणाचा यावर मोकळेपणी बोलले. ग्रोंबचेव्स्की धिप्पाड होते. यंगहजबंडच्या गुरख्यांनी साहेबाच्या कानात सांगितलं, ‘त्यांना सांगा, आम्हीच तेवढे बुटके, बाकीचे गुरखे यांच्याहूनही उंच असतात!’ हा प्रसंग खुद्द यंगहजबंडनेच लिहून ठेवला आहे.

पुढचा भाग मात्र मला बोचतो. ग्रोंबचेव्स्कींना हिवाळा लडाखमध्ये काढायचा होता, पण काश्मीरच्या ब्रिटिश रेसिडेंटने परवानगी नाकारली. यंगहजबंडनेही तिथल्या भटक्या किरगिझ लोकांना हाताशी धरून त्यांना अशा वाटेकडे वळवलं, जिथे ना चारा, ना सरपण. घोडे मेले, सोबतचे कोसॅक घोडेस्वार थंडीने जायबंदी झाले. इतकं होऊनही दोघांची मैत्री टिकली!

ग्रोंबचेव्स्की पुढे लेफ्टनंट जनरल झाले, आस्त्राखानचे गव्हर्नरही. क्रांतीनंतर होतं नव्हतं ते सगळं गेलं. जपानमार्गे ते स्वतंत्र झालेल्या पोलंडमध्ये परतले आणि वॉर्सात हलाखीत राहून त्यांनी आपल्या प्रवासांची पुस्तकं लिहिली. उभी हयात रशियन चाकरीत गेली, पण ही पुस्तकं त्यांनी पोलिशमध्ये लिहिली. १९२६ साली तिथेच ते वारले. त्याआधी अंथरुणाला खिळलेले असताना त्यांनी यंगहजबंडला पत्र धाडलं आणि सोबत आपलं पुस्तकही.