पहिलीच्या नव्या वर्गशिक्षिकेसाठी

मॅडम, पहिलीचा वर्ग मिळालाय, तर शाळा सुटताना फाटकाशी स्वतः उभ्या राहा. ‘काका न्यायला आलेत’ एवढ्यावर मूल सोडू नका, आधी आईला फोन लावा. खिचडी वाढण्याआधी चाखायची, हे ठाऊक असेलच. तक्रारपेटी पोरांच्या हाताला येईल इतकी खाली लावा. ऑफिससमोर तर नकोच, तिथे चिठ्ठी टाकायला मुलं बिचकतात.

एखादं मूल, मुलगा असो वा मुलगी, कुणी नको तिथे हात लावल्याचं सांगू लागलं, तर खोदून विचारू नका. शांतपणे ऐका, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. मुख्याध्यापकांच्या कानावर घातलं की सुटलो, असं नाही. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या २०१२च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं तुमच्यावरही बंधनकारक आहे. शाळेच्या बदनामीची भीती कुणी घातली तरी थांबू नका. आणि १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीच्या चाइल्डलाइनचा नंबर मुलांकडून पाढ्यांसारखा पाठ करून घ्या.