कोकणातल्या गावात रोज तेच ते दिसतं, मग मोबाइलवर फोटो कशाचे काढायचे? चांगला कॅमेरा घेऊ का?

"गावात काढण्यासारखं काय आहे" हे देवगडाकडच्या आमच्या वाडीत मी इतक्यांदा ऐकलंय की तुमचा प्रश्न वाचून गप्प बसवेना. कॅमेऱ्याचं नंतर बघू.

मिरगाच्या आधी आमच्याकडे पडवीला झडी बांधतात, पाऊस आत येऊ नये म्हणून. पूर्वी माडाच्या झावळ्या विणून करायचे, आता निळी ताडपत्री. जुलैतल्या एका दुपारी त्या ताडपत्रीतून आलेल्या उजेडाने अख्खी पडवी निळी झाली होती आणि आये तिथे आठळ्या सोलत बसली होती. खिशातला फोन काढला, फोटो घेतला, गणपतीत मंडळाच्या स्पर्धेला दिला. परीक्षक कोण, तर मुंबईहून आलेला माझाच चुलतभाऊ, दादा. म्हणाला, "फोटो बरो आसा, पण प्लास्टिक दिसता." पहिला नंबर सूर्यास्ताला. वाकडा माड, मागे लाल गोळा. पाऊस सरला की तो गोळा मे महिन्यापर्यंत बहुतेक रोज फुकट मिळतो, त्यात काढणाऱ्याचं काय?

दादाचं म्हणणं, फोटोत कोकण कोकणासारखं दिसायला हवं. म्हणजे कौलं हवीत, त्यावरची डिश नको. होडी हवी, जाळं सांधणारा बनियनवाला बाप्या नको. यावरून आमचं अजून वाजतं.

सड्याला, म्हणजे कातळाच्या उघड्या माळाला, तर तो सरळ ओसाड म्हणतो. श्रावणात त्याच कातळावर सीतेची आसवं निळी-जांभळी फुलतात, पण त्यासाठी गुडघ्यावर बसावं लागतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या अशाच सड्यांवरची कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. ती बघायला भर दुपारी गेलात तर रेघा कातळात विरून जातात. सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जा, तिरप्या उन्हात खाचेत सावली पडते आणि आकृती वर येते. जांभ्याच्या गडग्याचंही, म्हणजे दगडी कुंपणाचंही, तसंच. पावसात मात्र उलटं करा: आभाळ पांढरंफटक असतं, ते चौकटीत घेतलंत की फोन जमीन काळी करून टाकतो. आभाळ कापा, स्क्रीनवर दिसणाऱ्या जमिनीवर बोट टेकवून उजेड थोडा कमी करा. भिजलेल्या चिऱ्याचा लाल आणि शेवाळाचा हिरवा तेव्हा दिसतो तसा मे महिन्यात दिसत नाही.

बाकी पाणंद, व्हाळ (ओढा), वाळत घातलेली कोकमाची सोलं, जे रोज वाटेत येतं ते काढा. विजेची तार आली तर येऊ द्या.

हां, माणसांना विचारून काढा. मासे विकणाऱ्या बायकांना न विचारता फोन रोखलात तर शिव्या खाल, आणि त्या रास्त असतील. देवळाच्या गाभाऱ्यात तर नकोच.

कॅमेरा घेऊ नका, निदान एक पावसाळा फोनवर काढेपर्यंत. घेतलातच तर कपाटात ठेवून देऊ नका, आपल्याकडच्या दमट हवेत भिंगाला बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि अधूनमधून बाहेर काढून वापरा.

आणि स्पर्धेला फोटो द्यायचाच असेल तर परीक्षक पावसाळ्यात गावाला असतो का, ते आधी विचारा.